बाभूळबनातली सुपारी

परवा सकाळी मी माझीच सुपारी उचलून तोंडात टाकली.

यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण आमच्या बाभूळबनात दुसऱ्यानं ठेवलेली सुपारी उचलायची असते, आपली नाही. आणि मी ती उचलली तेव्हा माझ्यामागं सुतार उभा होता, खांद्यावर कुऱ्हाडी घेतलेले दोन गडी उभे होते, आणि माझ्या चुलत भावावर, माधवरावावर, इतकी वर्षं पोसलेला सूड पदरात पडायला जरासाच अवकाश होता.

आमची रीत आधी सांगतो, म्हणजे माझी फजिती किती खोल आहे ते कळेल. ओढ्याकाठचं हे बन आमच्या दोन घरांत सामाईक आहे. आजोबांनी जमीन वाटली, गुरं वाटली, तांब्याभांडी वाटली. बन वाटलं नाही. झाडं काय, आज इथं दिसतात, उद्या बी वाहून पलीकडं उगवतात. तर ज्याला झाड तोडायचं असेल त्यानं आदल्या दिवशी सांजेला बुंध्याशी एक चपटा दगड मांडायचा, हळदकुंकू वाहून त्यावर सुपारी ठेवायची आणि झाडाला सांगायचं, "उद्या येतो." म्हणजे पाखरांनी, मुंग्यांनी आपलं बिऱ्हाड हलवावं. दुसऱ्या घराला ते तोडणं पसंत नसेल तर त्यानं दिवस उगवायच्या आत सुपारी उचलायची. बोलायचं नाही, कारण द्यायचं नाही. घरातल्या कुणीही उचलावी, बाई असो की बाप्या. सुपारी जागेवर नसली की कुऱ्हाड घरी, आणि ते झाड पुढच्या चैत्रापर्यंत निर्धास्त. कुणी उचलली हे झाड विचारत नाही. खारीनं नेली तरी तो नकारच.

सध्या शेंगांचे दिवस आहेत. चैत्राचं ऊन वर यायला लागलं की बाभळीच्या वाळल्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळतात, जणू कुणी लांबून पैंजण घालून येतंय. बुंध्यांवर डिंक फुटतो, लालसर, उन्हात पाहिला तर आत उजेड कोंडल्यासारखा. धनगरांचे कळप येऊन बसतात. मेंढ्या शेंगा चावतात तेव्हा बनभर जो बारीक कडकड आवाज उठतो, तो ऐकला की लोकांना म्हणे बालपण आठवतं. मला माधव आठवतो. मेंढ्यांच्या दाढा ऐकून माझ्याही दाढा एकमेकींवर घासायला लागतात.

कारण ती बाभूळ याच दिवसांत गेली.

वडिलांची बाभूळ आम्ही तिला म्हणायचो. बनाच्या टोकाला, आमच्या खळ्याला लागून उभी होती. बाभूळ आणि सरळ, हे भाऊबंद आणि सरळ म्हटल्याइतकंच दुर्मीळ. पण ही सोट्यासारखी सरळ वाढली होती. नव्या गाडीची चाकं हिच्यातून काढायची, असं वडिलांनी ठरवलं होतं. दरसाल सुतार यायचा, बुंध्याला हात लावून म्हणायचा, "झाली तयार." वडील म्हणायचे, "अजून थोडी भरू दे." एक डहाळी मोडू द्यायचे नाहीत. काटे सगळे खळ्यावर पडायचे. मळणीच्या दिवसांत घरातल्या बायका सांजच्याला ओट्यावर बसून सुईनं एकमेकींच्या पायातले काटे काढायच्या आणि वरून बिब्ब्याचा चटका द्यायच्या. आमची ही नवी नवरी असताना एकदा धीर करून सासऱ्यांना म्हणाली होती, "मामंजी, खळ्यावर आलेली एक फांदी तेवढी काढता का?" वडील हसून म्हणाले, "पोरी, झाड आधीपासून हाय. तू आत्ता आलीस."

त्यानंतर ती त्या झाडाविषयी कधीच काही बोलली नाही.

वडील गेले त्याच्या पुढच्या चैत्रात मी रामनवमीला जांबेला गेलो. घरी गुरं होती म्हणून ही मागं राहिली. जत्रा करून, प्रसाद घेऊन, कपाळाला बुक्का लावून मी परत आलो, आणि खळ्यावर इतका उजेड दिसला की वाटलं, वाट चुकलो. बाभूळ नव्हती. खाली बुंधा, ताजा, ओला, लाल. माधव स्वतःच भेटायला आला, त्याचा तोच शांत चेहरा घेऊन.

"नाना, सुपारी ठिवली व्हती रीतीनं. उजाडंपस्तोर वाट पाह्यली. कुणी न्हाई उचलली. मंग तोडली."

"मी जांबेला गेल्तो हे तुला ठाऊक नव्हतं?"

"तुम्ही गेल्ते. पण तुमचं घर काय उघडं न्हवतं."

त्याच्या या उद्धटपणावर मी तिथंच त्याच्या अंगावर जाणार होतो, पण हातात प्रसादाचा द्रोण होता. घरी येऊन हिला विचारलं, "तुला दिसली नाही सुपारी?" ही भाकरी थापत होती. परातीतून वर न बघता म्हणाली, "खळं कवाच उठलं. मी कशाला जाऊ तिकडं?" खरंच होतं. मी माधवालाच धरून बसलो. माणूस देवाला गेलेला पाहून झाड तोडतो तो भाऊ कसला! त्या झाडाची चाकं लावून त्याची गाडी आमच्या दारावरून जायची तेव्हा मला वाटायचं, वडिलांच्या बरगड्या वाजतायत.

माझ्या डोक्यात हिशेब अगदी साधा होता. झाडाला झाड. ओढ्याच्या वळणावर एक बाभूळ होती, माधवच्या जिवाची. तिच्या फांदीला तो पाण्याचा भोपळा अडकवायचा आणि दुपारी तिच्याखाली घोंगडी टाकून असा झोपायचा की, माझ्या मते, तो घोरायचा तोही मला चिडवायला. ती बाभूळ तोडायची, आणि तो उन्हात झोपलेला बघायचा. याहून जास्त मला काही नको होतं. पण ती तोडायची तर तो गावात नसायला हवा, जसा मी नव्हतो तसा. तोवर एवढंच करायचं की त्यानं ठेवलेली प्रत्येक सुपारी उचलायची.

आणि मी उचलली. नांगराला लाकूड हवं म्हणून त्यानं ठेवली, मी उचलली. वखराला हवं, उचलली. वठलेल्या झाडाशी ठेवली, तीही उचलली. पहाटे उठून, अंगावर घोंगडी घेऊन, दव तुडवत जायचं, वाकायचं, उचलायची आणि तिथंच तोंडात टाकायची. ही तोंडात टाकण्याची पद्धत माझी स्वतःची. रीतीत तसं नाही. पण वैऱ्याच्या सुपारीला जी चव असते ती बाजारच्या सुपारीला नाही, हे मी अनुभवानं सांगतो. माधवही गप्प बसला नाही. त्यानं माझ्या उचलल्या. माझ्या गाडीचं चाक तेव्हापासून जे लंगडतंय ते आजपर्यंत. दोन घरचे दोन कर्ते पुरुष पहाटे बनात एकमेकांना चुकवत सुपाऱ्या गोळा करतायत, हे कुणी परक्यानं पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, या गावात बाभळीला सुपाऱ्या लागतात.

आणि परक्यानं पाहिलंच. बाभूळ गेल्यावर काही वर्षांनी, अशाच एका चैत्रात. त्याची आठवण सांगायला तर हे सगळं काढलं.

सरकारच्या वनखात्याकडून, 'जंगलात' म्हणायचे तेव्हा त्याला, एक मुन्शी आले होते. उतारवय, पांढरी दाढी, मऊ बोलणं. जालन्याच्या कापूस-जिनांच्या भट्ट्यांना आमच्या भागातून गाड्या गाड्या लाकूड जात होतं आणि गोदाकाठची रानं उघडी पडत चालली होती. ज्यांच्या खासगी मालकीची बनं, आमराया, राया आहेत त्यांना भेटून विचारायचं होतं: झाड कोण तोडतं, कुणाच्या परवानगीनं, चारायला कोण येतं, नवं कोण लावतं, आणि झाडं टिकावीत म्हणून तुम्हाला सरकारकडून काय पाहिजे. मी उर्दूत शिकलेला, म्हणून पाटलांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं. माझ्याच लंगड्या गाडीत बसून आम्ही तीर्थपुरीपासून घनसावंगीपर्यंत फिरलो.

सरकारी माणूस झाडं विचारतोय म्हटल्यावर लोकांच्या मनात एकच, पट्टी बसणार. त्यामुळं मी जी उत्तरं ऐकली तसली नंतर कधी ऐकली नाहीत. एक आमराईवाला भर आमराईत खाटेवर बसून, टोपीवर मोहोर पडत असताना म्हणाला, "साहेब, झाडं कुठली? सावलीपुरती हायेत, अन् सावलीबी शेजाऱ्याच्या रानात पडती." दुसऱ्याच्या रानात नुसते बुंधे. तो म्हणाला, "तोडलं मी न्हाई. भावानं मागितलं, न्हाई कसं म्हणावं? व्याह्यानं मागितलं. सोयऱ्याधायऱ्याला न्हाई म्हणणं बराबर दिसतं का?" मुन्शीसाहेब प्रत्येकाचं शांतपणे ऐकायचे, कुणालाच खोटं पाडायचे नाहीत. गाडीत बसले की मात्र डोळे मिटून म्हणायचे, "या अल्लाह."

मी त्यांच्या डोळे मिटण्याचा फायदा घेतला. गावांचा क्रम माझ्या हातात होता. आमचं गाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं आणि वाटेत जेवढा रस्ता मिळाला तेवढ्यात माधवची करणी त्यांच्या कानात घातली. चाक खाड्कन् आदळलं की म्हणायचो, "साहेब, हे चाक वडिलांच्या बाभळीचं झालं असतं." एका ठिकाणी पाणी प्यायला थांबलो तर म्हणालो, "साहेब, अशाच दुपारी मी जांबेहून आल्तो." आमच्या शिवेपर्यंत येता येता मुन्शीसाहेबांना ती बाभूळ माझ्या वडिलांहून जास्त ओळखीची झाली असेल. माझ्या डोळ्यांपुढं चित्र तयार होतं: भर बनात सरकारी माणूस विचारतोय, मोठं झाड कुणी तोडलं, सांगा, आणि माधवची मान खाली.

आम्ही बनात शिरलो आणि मुन्शीसाहेब बोलायचे थांबले.

मी रोजचा जाणारा, मला काय दिसणार! पण त्या दिवशी इतकी उघडी रानं बघून आलो होतो, म्हणून मलाही दिसलं. ऊन खाली पोचत नव्हतं. जुन्या झाडांच्या पायाशी मधल्या वयाची झाडं, त्यांच्या पायाशी हातभर रोपं. वठलेल्या खोडांत पोपटांच्या ढोल्या. सुगरणींची घरटी ओढ्यावर झुलत होती. शेंगांचा थर असा की पाय ठेवला की मोडायचा. मेंढ्या खाऊन खाऊन सुस्तावल्या होत्या. मुन्शीसाहेब एका झाडाला हात लावून उभे राहिले. मग विचारलं, "याचा राखणदार कोण?"

माधव वळणावरच्या आपल्या बाभळीखाली उठून बसला होता. राखणदार कुणी नव्हताच.

मी संधी सोडली नाही. म्हणालो, "साहेब, ते असू द्या. मोठं झाड कुणी तोडलं ते विचारा ना."

त्यांनी विचारलं. माधवची मान खाली गेली नाही. म्हणाला, "म्या तोडलं. सुपारी ठिवली व्हती. ह्यांच्या घरी माणूस व्हतं."

"घर में कौन था?" मुन्शीसाहेब माझ्याकडं वळले.

"कोण असणार! बायको होती. तिला बनातलं काय कळतं?"

मुन्शीसाहेबांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग सुपारीचं काय ते विचारलं. माधवनं रीत सांगितली. त्यानंतरच्या सुपाऱ्यांचं काय झालं ते विचारलं.

"नाना उचलित्यात," माधव म्हणाला.

"आणि नानाच्या?"

"म्या उचलतो. सोडीन का?"

"म्हणजे तेव्हापासून या बनात एकही झाड तुटलं नाही?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. हे आम्ही कधी मोजलं नव्हतं. मी माधवला अडवत होतो, माधव मला. झाडं मधल्या मध्ये वाढत होती. मुन्शीसाहेब आधी दाढीतल्या दाढीत हसले, मग मोठ्यानं, इतकं की मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाले, "मियाँ, तुम्हारी दुश्मनी सलामत रहे. बाकी गाँवों में तो दोस्ती ने जंगल खा लिया."

मला तिथं फटके मारले असते तरी इतकं लागलं नसतं. ज्याला शिक्षा व्हावी म्हणून मी गाडी झिजवली, त्याच्या जोडीला बसून मला शाबासकी घ्यावी लागली. वरून मुन्शीसाहेबांनी आम्हाला समजावलं, की असंच सगळं अडवून धरलं तरी बन म्हातारं होतं. वठलेलं, वाकडं काढावं, सरळ रोपाला जागा द्यावी, दोघांनी मिळून ठरवावं. माधव लगेच म्हणाला, "नाना, यंदा एक वठलेलं तुम्ही घ्या, एक म्या घेतो. तुमचं चाक लई दिस झाले रडून राह्यलंय." चांगलं बोलला. आज लिहिताना वाटतं, चांगलंच बोलला. पण त्याच वेळी माझी नजर बनाच्या टोकाला खळ्याशेजारच्या त्या काळ्या पडलेल्या बुंध्यावर गेली आणि मी म्हणालो, "मला वठलेलं नको. वळणावरची दे." माधवनं वर आपल्या बाभळीकडं पाहिलं, भोपळा काढला, पाणी प्याला आणि परत अडकवला. तेच त्याचं उत्तर.

मुन्शीसाहेब गेले. जाताना इतर गावांत आमच्या सुपारीची रीत सांगत गेले, असं नंतर कळलं. कुठं कुठं लोकांनी ती उचललीही म्हणतात. आपल्या वैरातून दुसऱ्याच्या रानात सावली पडते, हा विचार मोठा छान आहे. पण त्यानं माझं पोट कधी भरलं नाही. सुडाची शेती करणाऱ्याला माहीत असतं, की ती ना पावसावर अवलंबून, ना बाजारावर. रोज थोडं आठवायचं, एवढीच मशागत. मी वळणावरच्या बाभळीवर डोळा ठेवून एकेक चैत्र काढला. माधव गावाला गेला तर त्याची बायको घरी, बायको माहेरी गेली तर तो घरी. मी पाहुण्यांनासुद्धा विचारायचो, "माधवरावांकडं काही लग्नकार्य?" लोकांना वाटायचं, काय जीव आहे भावावर!

यंदा निघालं कार्य. मेहुण्याच्या मुलीचं लग्न, पैठणला. माधव बैलांना झुली घालून अख्खं घर गाडीत भरून निघाला, वडिलांच्या बाभळीच्या चाकांवर. धूळ खाली बसेपर्यंत मी वेशीत उभा होतो. सांजेला वळणावर गेलो, दगड मांडला, हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली. "उद्या येतो," असं मी त्या झाडाला ज्या आवाजात म्हणालो, तो आवाज माझा मलाच नवा वाटला. वर भोपळा लटकत होता. तो तसाच ठेवला. परत आल्यावर त्याला जमिनीवर पडलेला सापडावा म्हणून.

सकाळी सुतार आणि गडी घेऊन निघालो. दव होतं. शेंगा पायाखाली मोडत होत्या. मी पुढं, ते मागं. झुंजुमुंजू झालं होतं, बुंध्याशी दगड दिसला, दगडावर सुपारी दिसली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीचा माझा हात मला न विचारता खाली गेला. उचलली. तोंडात टाकली. दोनदा चावलीसुद्धा. मग मागून कुणी काही बोलत का नाही म्हणून वळलो.

सुतार माझ्या तोंडाकडं बघत होता. "मालक," तो हळूच म्हणाला, "नकार झाला की."

"अरे, माझीच आहे ती! मीच ठेवलेली!"

"तुमचीच हाय. पर उचलली न्हवं? आता म्या करवत लावली तर उंद्या माझ्या हातानं गाडी व्हायची न्हाई."

गड्यांनी कुऱ्हाडी खाली टेकल्या आणि तोंडं फिरवली. त्यांचे खांदे हलत होते. मी दुसरी सुपारी ठेवू म्हटलं; सुतार म्हणाला, पुढल्या चैत्रात. वर पोपट ओरडत होते. मी तोंडातली सुपारी थुंकावी की गिळावी, या विचारात तशीच गालात धरून घरी आलो.

ही अंगणात शेळीला शेंगा घालत होती. माझा चेहरा आणि फुगलेला गाल बघून तिनं सगळं काढून घेतलं. मी सांगितलं, सांगता सांगता पुन्हा तापलो. म्हणालो, माझा हात फितूर झाला, दैव फितूर झालं, पण मूळ पाप माधवचं. त्यानं त्या साली चोरासारखी वेळ साधली नसती तर ही पाळीच आली नसती. वडिलांच्या झाडाला राखायला तेव्हा कुणी नव्हतं म्हणून गेलं ते!

एरवी ही गोष्ट मी काढली की ती दूध बघायला उठते. परवा उठली नाही. शेळीच्या तोंडात शेवटची शेंग दिली, हात झटकले.

"सुपारी दिसल्ती मला त्या साली," ती म्हणाली. "उचलायला वाकलेबी व्हते. तेवढ्यात पायात काटा मोडला, अन् मंग तशीच घरी आले."